दर्शनाताईने बसवलेला दात

बातमी आली ती आमच्या फुटबॉल टीमच्या ग्रुपवर, आणि त्या ग्रुपमध्ये दर्शनाताई स्वतः नव्हती. सीझन संपल्यावर क्लबने तिला त्यातून काढलं होतं. आमच्याकडे खेळाडूला सोडलं की ते आधी तिथेच कळतं. मॅनेजरचा फोन नंतर येतो. तर त्या सकाळी कुणीतरी एक व्हिडिओ टाकला. न्हावा शेव्याच्या रस्त्यावर आडवा उभा असलेला ट्रेलर, फुटलेली काच, पेटवलेला टायर, आणि केबिनमधून ड्रायव्हरला पाय धरून खाली ओढणारी गर्दी. त्याला तुडवत होते. लाथांचा आवाज येत होता, ओल्या पोत्यावर काठी बसावी तसा. मोबाईल हलत हलत ट्रेलरच्या मागच्या चाकांकडे गेला. तिथे स्कूटर होती... म्हणजे स्कूटर असावी असं काहीतरी. थोडं पुढे डांबरावर नडगीवर बांधायचा एक शिनगार्ड पडला होता आणि त्याला वायरमन वापरतात ती निळी टेप गुंडाळलेली होती. शिनगार्डला अशी टेप गुंडाळणारी स्टॉपर मी एकच पाहिली आहे. मी व्हिडिओ बंद केला. मग पुन्हा लावला, कारण बंद करूनही तो दिसतच होता. दुपारपर्यंत ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. ज्या मॅनेजरने तिला काढलं होतं, त्याचे हात सगळ्यात वर होते.

दर्शनाताई आमची कॅप्टन होती, बचावफळीतली मधली स्टॉपर, आणि मी तिच्या मागे उभी राहणारी गोलकीपर. गोलकीपरला स्टॉपरचा चेहरा फारसा दिसत नाही, पाठ दिसते. ती पाठ मी कुठेही ओळखली असती. रुंद, उजवा खांदा जरा खाली, मानेवर जुन्या टाक्यांची पांढरी रेघ. तिचं गाव उरणच्या बाजूचं. भातशेती आणि मिठागरं बंदरात गेली, भाऊ महेश त्याच बंदरात ट्रेलर चालवतो. उरलेल्या एका कोरड्या मिठागरावर ती मुलांबरोबर फुटबॉल शिकली. पडलं की सोललेल्या गुडघ्यात मीठ जायचं. मारामारी करून घरी आली तर तिची आई एवढंच विचारायची, तू किती मारलंस?

खेळायचीही तशीच. मॅच सुरू झाली की पहिल्या काही मिनिटांत समोरच्या स्ट्रायकरला ती अशी धडकायची, की हाडावर हाड आपटल्याचा आवाज मला गोलात ऐकू यायचा. याला ती ‘ओळख करून देणं’ म्हणायची. मग त्याच मुलीला हात देऊन उठवायची आणि विचारायची, ‘लागलं का गं?’ हे ती कुचकटपणे विचारत नसे. तिला खरंच जाणून घ्यायचं असायचं.

मला ती ‘मिस’ म्हणायची. मी नेरूळच्या सोसायटीत वाढलेली, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, आणि मुळातच कमी बोलणारी. गोलकीपरला हे परवडत नाही. गोल सोडून उंच बॉलवर यायचं तर ‘माझा!’ असं ओरडावं लागतं. ते ऐकून आपली स्टॉपर बाजूला होते. नाही ओरडलं तर एकाच बॉलवर दोन शरीरं जातात. हे मला समजत होतं, पण ऐन वेळी घसा बंद व्हायचा. माझे बाबा एपीएमसीत कांद्याचे व्यापारी. एकदा ताई मला सोडायला त्यांच्या गाळ्यावर आली. बाबांचा आवाज दोन रांगा ओलांडून जातो. ती थोडा वेळ ऐकत उभी राहिली, मग मला म्हणाली, ‘घरातला सगळा आवाज यांनीच वापरला वाटतं. तुझ्या वाट्याला काय उरलंच नाय.’ बाबा हसले. मी नाही हसले.

गेल्या सीझनची सुरुवातच वाईट झाली. आमच्या मुख्य गोलकीपरचा गुडघा सरावातच फिरला आणि मला उभं केलं गेलं. आम्ही हरत गेलो. अशाच एका मॅचमध्ये एक उंच क्रॉस आला, मी गोल सोडून निघाले, न ओरडता. ताईही मागे सरकत तोच बॉल डोक्याने काढायला उडाली आणि तिच्या डोक्याची मागची बाजू माझ्या तोंडावर आदळली. मला आधी काही दुखलं नाही. फक्त तोंडात काहीतरी गरम भरलं आणि वरचा पुढचा दात होता तिथे जीभ सरळ बाहेर गेली. फिजिओ पळत आली, तोवर ताई चार पायांवर होऊन गवत चाचपत होती. तिच्याही केसांतून रक्त मानेवर उतरत होतं; माझ्याच दाताने तिची कातडी फाडली होती. रेफरीला ती म्हणाली, ‘कुनी हलायचं नाय. दात हाय हितं.’ दोन टीम पुतळ्यासारख्या उभ्या राहिल्या. तिला दात सापडला. कबड्डीत महेशचा दात पडला होता तेव्हा डॉक्टरांनी दूध आणि घाईबद्दल सांगितलेलं तिच्या लक्षात होतं. स्टँडखालच्या चहावाल्याकडून तिने दूध मागवलं, त्यात दात बुडवून काढला, माझी हनुवटी धरली आणि म्हणाली, ‘आता ओरडून घे. आता कुनी काय म्हननार नाय.’ आणि अंगठ्याने दात परत जागेवर दाबला. तो आत सरकताना झालेला करकर आवाज मला अजून कानातून नाही, कवटीतून ऐकू येतो. मी तेव्हाही ओरडले नाही. डेंटिस्टने नंतर तार बांधली, वर काय काय केलं, आणि सांगितलं की वेळेत बसवला म्हणून राहिला. राहिला, पण काही महिन्यांत राखाडी झाला. तेव्हापासून मी हसताना तोंडावर हात धरते.

त्यानंतर ती मला रविवारी दुपारी तिच्या गावाबाहेरच्या बंदराच्या रस्त्यावर न्यायला लागली. तिची ती स्वतःची पद्धत होती. ती रस्त्याच्या पलीकडे उभी राहायची, मी अलीकडे. मधून ट्रेलर जायचे, एकामागे एक, कंटेनर लादलेले, जमीन हलवत. त्या आवाजातून माझं ‘माझा’ पलीकडे पोचलं की ती हात वर करणार आणि आम्ही घरी जाणार. तिचा हात कधी वर झालाच नाही. ड्रायव्हर माझ्याकडे बघून हॉर्न वाजवायचे, कुणी खिडकीतून माझी नक्कल करायचे. एकदा महेशच ट्रेलर घेऊन गेला आणि ओरडला, ‘ओ गोलकीपर, मांजर पण याच्यापेक्षा जोरात बोलतं!’ तिने त्याच्या मागच्या चाकावर दगड मारला. उन्हात उभं राहून घसा सोलला की ती रस्ता ओलांडून यायची, दोन्ही बाजूंना न बघता, एक हात ट्रेलरवाल्यांना दाखवत... आणि ते थांबायचे. मला वाटायचं, हिच्यासाठी सगळं थांबतं.

शेवटच्या मॅचला आम्हाला पहिल्या गटात टिकायला एक गुण हवा होता. इतकी घाणेरडी मॅच मी खेळलेली नाही. समोरच्या स्ट्रायकरने सुरुवातीलाच कोपर मारून ताईची भुवई फोडली. कापूस, पट्टी, पुन्हा मैदानात. ताईने तिला पुढच्याच बॉलवर उचलून आपटलं. स्टँडमधून बाटल्या येत होत्या. अगदी शेवटी, बरोबरी असताना, मी कॉर्नरचा बॉल जमिनीवर छातीखाली धरला आणि ती स्ट्रायकर बूट घेऊन माझ्या हातावर उभी राहिली. फक्त पाय पडला असता तर वेगळं. तिने टाच फिरवली. दोन बोटं मोडल्याचं मला कळलं, पण बॉल सोडला नाही. रेफरीने फाउलची शिट्टी दिली, त्याच्या मागोमाग ताईने तिच्या नाकावर डोकं हाणलं. नाक फुटलं. मग दोन्ही बाकांवरच्या राखीव मुलीही मैदानात उतरल्या, कुणाचे केस कुणाच्या मुठीत, कुणीतरी कॉर्नरचा झेंडा उपटून फिरवत होतं, पोलीसबाई मधे अडकल्या होत्या. ताईला रेड कार्ड मिळालं. आम्ही टिकलो. ड्रेसिंग रूममध्ये तिचा डोळा सुजून मिटला होता. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, ‘हात बघू.’ बराच वेळ तिने ती बोटं हातात धरली. मग म्हणाली, ‘आज पन ओरडली नाहीस.’

सीझननंतर नवा कोच आला. त्याला बॉल पायात ठेवून खेळणाऱ्या स्टॉपर हव्या होत्या. पहिल्याच मीटिंगमध्ये त्याने त्या डोकं हाणण्याचा व्हिडिओ दाखवला, पुन्हा पुन्हा, हळू करून. निम्मी टीम गेली. मणिपूर आणि केरळहून नव्या मुली आल्या, नवा शर्ट हातात धरून त्यांचे फोटो आले. ताईचं नाव ग्रुपमधून गेलं. निरोपाच्या पोस्टला क्लबने तिचा साडीतला हसरा फोटो लावला होता, कुठल्यातरी समारंभातला. तिच्या एकाही टॅकलचा फोटो कुणी लावला नाही. ती महाप्याच्या क्लब ऑफिसवर गेली आणि काचेच्या दाराला लाथ घातली. दार फुटलं, तिच्या पिंढरीतही काच गेली. मला म्हणाली, ‘इतकी वर्षं हाडं मोडून घेतली, आनि काढताना एक बटन दाबलं.’

मला मात्र ठेवलं होतं.

महिनाभरात पनवेलच्या क्लबने तिला घेतलं. तो क्लब नुकताच पहिल्या गटात वर आला होता आणि आमची घरच्या मैदानावरची पहिली मॅच त्यांच्याशीच होती. बेलापूरला उसाचा रस पिताना तिने मला ते सांगितलं. तिला आनंद झाला होता, फार वर्षांनी, आणि ती तो लपवत नव्हती. ‘पहिल्या कॉर्नरला मी सरळ तुझ्यावर येनार,’ ती म्हणाली. ‘कोच सांगो, नाय तर न सांगो. ओरडलीस तर तुझा बॉल. नाय ओरडलीस, तर या वेळचा दात मी शोधनार नाय.’

मी विचारलं, ‘ताई, खरंच मारशील?’

‘मग काय, ओळखीची हायस म्हनून सोडू?’

एवढंच बोलणं झालं. तिने माझ्या ग्लासातला उरलेला रस पिऊन टाकला आणि स्कूटरला किक मारली. पुढच्या आठवड्यात, पनवेलला सरावासाठी जाताना, गावाबाहेरच्या वळणावर ट्रेलरने तिला डाव्या बाजूने चाकांखाली घेतलं. आम्ही उभ्या राहायचो तिथून जवळच.

दहाव्याला मी गेले. खाडीवरचे विधी आटोपून माणसं घरी परतली होती. महेश ओटीवर बसला होता. दोन्ही हातांच्या मुठी सुजून काळ्या झाल्या होत्या. त्या व्हिडिओत ड्रायव्हरचा पाय धरून ओढणारा तोच होता, हे मला तिथे समजलं. ड्रायव्हर वाचला होता, जबडा मोडलेल्या अवस्थेत हॉस्पिटलमध्ये होता. मी काही विचारलं नव्हतं, तरी महेश बोलायला लागला. ‘तो सांगत होता, दिसलीच नाय. केबिनमधून डावीकडचं खालचं दिसत नाय, मना ठाऊक हाय. मी रोज चालवतो. ठाऊक असून मारला.’ मग तो मुठींकडे बघत राहिला. ‘सोमवारी मना पन गाडी काढायची हाय,’ म्हणाला.

आत तिची आई भिंतीला टेकून बसली होती. मी पुढे जाऊन नुसती बसले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘तूच ना ती दातवाली?’ मी मान हलवली. ‘उघड तोंड.’ घरभर बायका बसल्या होत्या. मी तोंडावर हात न धरता तोंड उघडलं. तिने अंगठा त्या राखाडी दातावर ठेवला आणि दाबून पाहिला, मग डावीकडे-उजवीकडे हलवून पाहिला. मासळी साफ करून खरखरीत झालेला तो अंगठा. दात हलला नाही. ‘पक्का बसवलाय पोरीनं,’ ती बाजूच्या बाईला म्हणाली, आणि त्यानंतर ती जी रडली ते मी लिहिणार नाही.

गेल्या रविवारी पनवेलची मॅच झाली. त्यांनी तिच्या शर्टाचा नंबर कुणाला दिला नाही. तिच्यासाठी सगळ्या मिनिटभर शांत उभ्या राहिल्या, मग शिट्टी झाली. पहिला कॉर्नर त्यांना मिळाला. माझ्या पुढे आमची नवी स्टॉपर होती, मणिपूरची, अरुंद पाठीची. बॉल उचलला गेला आणि मी निघाले. गोलसमोरच्या बॉक्समध्ये सहा-सात जणी उडत होत्या, आणि त्यांच्यात एक जागा मोकळी होती, असं मला वाटलं... कुणीतरी तिथून सरळ माझ्यावर यायला हवं होतं. मी ओरडले. ‘माझा!’ तो आवाज कुठून आला मला माहीत नाही. घसा फाटला. नवी स्टॉपर अंग टाकून बाजूला झाली. माझी मूठ बॉलवर बसली आणि तशीच पुढे जाऊन पनवेलच्या एका मुलीच्या भुवईवर बसली. आम्ही दोघी एकमेकींवर कोसळलो. बॉल लांब गेला होता, तरी माझं ओरडणं थांबेना. बाबा स्टँडमध्ये होते. नंतर म्हणाले, कोण ओरडतंय बघायला ते उभे राहिले होते.

त्या मुलीच्या भुवईतून रक्त येत होतं. मी तिला हात देऊन उठवलं आणि विचारलं, ‘लागलं का गं?’ मला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिने मनगटाने रक्त पुसलं, मान हलवली आणि आपल्या जागेवर पळाली.

मी गोलात परत आले. पोस्टला पाठ टेकवली, आणि जिभेने दात चाचपून पाहिला. जागेवर होता.