गला या उमर?

हृदयाची झडप बदलली की रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या घ्याव्या लागतात. त्यासाठीच्या रक्ततपासणीला मी आईला दवाखान्यात घेऊन जाते, तिथे एक सरदारजी हमखास असतात. नवा पेशंट दिसला की विचारतात, "गला या उमर?" म्हणजे लहानपणी औषधाविना अंगावर काढलेल्या घसादुखीने झडप गेली, की म्हातारपणाने? पूर्वी इथे सगळे 'गला'वालेच असायचे, आता 'उमर'वाले जास्त, असं ते सांगतात. ते स्वतः 'गला'वाले. तरुणपणी बसवलेली झडप अजून चालतेय. आईने "उमर" म्हटल्यावर तिचा हात धरून चक्क म्हणाले, "बधाई हो, माताजी!" ऑपरेशनची कसली बधाई? मी चिडलेच होते.

परवा जवळच्या खरड गावाहून एक कॉलेजातली मुलगी आईबरोबर आली. सरदारजींनी हसतच विचारलं. ती म्हणाली, "गला."

त्यांचं हसू गेलं. "आज के ज़माने में भी?" आवाज इतका चढला की सगळी रांग वळून बघायला लागली. मुलीची आई रडवेली झाली. "हमें क्या पता था जी? नमक के गरारे करवाते रहे."

आता हे त्या आईला फाडून खाणार, असं मला वाटलं. पण ते तिच्या शेजारी बसले आणि स्वतःच्या आईची आठवण काढत हळूच म्हणाले, "मेरी बीजी ने भी वही करवाए थे, बेटा."

मी उठून बाहेर आले आणि शाळेचा नंबर लावला. आदल्या दिवसापासून माझी लेक "मम्मा, गला दुख रहा है" म्हणत होती, आणि त्या सकाळी मी तिला मिठाच्या गुळण्या करायला लावून शाळेत धाडलं होतं.