बैल मोजायला कोणी सांगितलं?

मी लिहावं ही धिटाईच आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पाटीसुद्धा धरली नव्हती, आणि हैदराबादेत कॉलेजात राहिलो म्हणून लेखणीवर माझा हक्क झाला असंही नाही. तेव्हा आधी माफी असावी. पण ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही — वडिलांना नाही, खोलीतल्या सोबत्यालाही नाही. आता ती मनात वागवून मी दमलो आहे.

पहिल्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीत मी केजजवळच्या आमच्या गावी आलो होतो. शाळेचे मास्तर म्हणाले, "थोरल्या पोरांना माहितीचा निबंध कसा लिहायचा ते दाखव." विषय होता बैल. पोरांनी लिहिलं, बैल उपयोगी प्राणी आहे, त्याला चार पाय असतात. मी हसलो. का हसलो? वर्षापूर्वी मीही तेच लिहीत नव्हतो का? मग मास्तर बाहेर गेलेले असताना ऐटीत सांगितलं — आधी मनाशी प्रश्न ठरवा. गावात बैल किती, कुठून आणले, काय खातात? दारोदार जाऊन विचारा, ऐकाल ते तिथंच टिपून घ्या.

बाकीची पोरं विहिरीवर पोहायला पळाली. महादू तेवढा कागद घेऊन दारोदार गेला. विधवा आईचा एकुलता मुलगा. मला दादा म्हणायचा, माझा शब्द न् शब्द खरा मानायचा.

मी एक विसरलो होतो — की विसरल्यासारखं केलं होतं? आमच्याकडे, निजामाच्या राज्यात, कागद घेऊन गोठ्यात डोकावतो तो सरकारचा माणूस. जिल्ह्याच्या तालुकदार साहेबांचा दौरा निघायचा असला की आधी बैल मोजले जात आणि मग वेठीला धरून नेले जात. गाव घाबरलं. संध्याकाळच्या आत लोकांनी बैल डोंगराकडे हाकलले. त्या घाईत उतारावर एका शेतकऱ्याचा बैल घसरला, पाय मोडला. पेरणी तोंडावर आली होती.

दुसऱ्या दिवशी महादूला चावडीवर उभं केलं.

"कोनी सांगितलं रं तुला बैल मोजाया?" पाटलांनी विचारलं. "तहसीलदाराचा जावई हाय का तू?"

लोक हसले. ज्याच्या बैलाचा पाय मोडला तो हसला नाही.

"दादांनी," महादू म्हणाला.

सगळे माझ्याकडे वळले. वडील कडेला उभे होते. एक 'हो' पुरला असता — का निघाला नाही? कॉलेज सुटेल म्हणून? गाव वडिलांना वाळीत टाकील म्हणून? हे सगळं मी नंतर जुळवलं. तेव्हा एवढा विचार केलाच नव्हता. मी म्हणालो —

"मी न्हाई सांगितलं. मी पुस्तकातनं लिहा म्हनलो."

बाकीच्या पोरांना कोणी विचारलंच नाही. मास्तरांनी महादूचं नाव शाळेतून काढलं. पाय मोडलेल्या बैलाच्या बदल्यात तो त्या शेतकऱ्याकडे राबायला लागला. मी सुट्टी संपायच्या आधीच परतलो आणि पुढच्या सुट्ट्यांत अभ्यासाचं निमित्त काढून गावी गेलोच नाही. त्याला भेटायला, निदान त्याच्या आईला खरं सांगायला मला कोणी अडवलं होतं?

परवा मास्तर डोळे दाखवायला हैदराबादेत आले, माझ्याच खोलीवर उतरले. जेवताना मी महादूचं विचारलं.

"तुला कळलं न्हाई? यंदा पटकीच्या साथीत गेला," ते म्हणाले. मग भाकरी मोडत म्हणाले, "तू हिकडं आल्यावर मी त्याला एकदा बाजूला घेतलं होतं. म्हनलं, खरंच कोनी सांगितलं आसंल तर बोल, नाव परत घालतो. तर म्हनला, दादांचं खरं हाय, मीच आपल्या मनानं गेलतो. शेवटी कबूल केलं बघ पोरानं."