बांधाच्या तळाची तीन भोकं

इतकी वर्षं हे कुणाजवळ बोललो नाही. दुष्काळ सरला, त्यानंतरची गोष्ट.

कुंडलच्या अलीकडे, आमच्या गावाखाली एक पाणथळ होती. उसासाठी आम्हीच चर खणून ती सुकवली आणि काही वर्षांत वरच्या विहिरी आटल्या. तेव्हा गावानं ठरवलं, चर बुजवायचा, बांध घालायचा, पाणी पुन्हा साचू द्यायचं. काठाला ज्यांचा ऊस होता ते धुमसत राहिले. त्यात मी होतो. श्रमदानाला मात्र रोज गेलो. मातीच्या पाट्या वाहिल्या आणि मनात शिव्या घातल्या.

पाणी चढलं, माझ्या उसाच्या सरीत शिरलं. बाजाराच्या दिवशी भर दुपारी, गाव मोकळं असताना, पहार घेऊन गेलो आणि बांधाच्या तळाशी तीन भोकं पाडली. एक फुटून खिंडार झालं. दोन तशीच राहिली.

सकाळी सगळं गाव बांधावर. खेकडे धरून विकणारी एक एकटी म्हातारी होती, तिचं पोट त्या पाणथळीवर. लोकांनी तिलाच घेरलं.

“खेकड्यापायी बांध उकरलास व्हय गं?”

म्हातारी हटली नाही. “खेकडा तिरका शिरतुया. ह्ये भोक सरळ हाय. पहारीचं हाय. समद्यांच्या पहारी आना हितं, लावून बगा!”

दोघंतिघं पहारी आणायला घराकडं वळलेसुद्धा. माझी पहार गोठ्यात होती, ओल्या मातीसकट.

चारचौघांत मी सहसा तोंड उघडत नाही. त्या दिवशी उघडलं.

“आजे, मग खेकड्यानंच पहार इकत घेतली आसंल बग!”

सगळे खदखदून हसले. वळलेले परत फिरले. पहारींचा विषय तिथंच संपला. तिला पाणथळीत उतरायची बंदी झाली, आणि मलाच बांधाची फार काळजी आहे असं गावाला वाटलं म्हणून राखण माझ्याकडं आली.

बांध पुन्हा घातला. ऊस बुडायचा तो बुडालाच. लव्हाळा उगवला, बगळे आले, विहिरींना पाणी लागलं. एका सकाळी म्हातारी टोपली घेऊन पाण्यात दिसली. मी काठी घेऊन गेलो.

“त्या बाजारादिशी मी हितंच हुते,” ती म्हणाली. “तुजं नाव घेतलं न्हाई, कारन माजं कुनी आयकलं नसतं. तुजी दया आली म्हनून न्हवं.”

“भाईर नीघ,” मी म्हणालो.

ती निघाली. टोपलीत चारपाच खेकडे होते. तेही मी तिला पाण्यात ओतायला लावले.