वरच्या खोलीतली झोप

भावोजी, तुमच्या लेकीला तुमच्यावर दोन पानं हवी आहेत. "काकू, जरा गोड लिहा," म्हणाली. गोड मला जमत नाही, खरं लिहिते. आणि तुमची गोष्ट तुम्हालाच काय ऐकवायची? ती बाकीच्यांना सांगते. त्यात मीही आहे, वहिनी म्हणून. तुम्ही मधे बोलू नका.

तर भावोजींचा धंदा फ्रिज आणि एसी दुरुस्तीचा. अख्ख्या वस्तीला गारवा पुरवणारा हा माणूस, आणि त्याच्याच घराचा वरचा मजला उन्हाळ्यात नुसती भट्टी! वर राहायचे त्यांचे दादा आणि वहिनी. एसी दिवसभर घरघरायचा, तरी भिंतीला पाठ टेकवत नसे. शेवटी एक दिवस जेवताना दादांनी जाहीर केलं, "पुरे झालं. घर बिल्डरला देऊन टाकू."

भावोजींचा जन्म त्याच घरातला. हातातला घास हातातच राहिला.

"दादा, मला एक उन्हाळा दे," ते म्हणाले. "एसी न लावता वरची खोली राहण्यासारखी करतो. नाही जमलं तर तुझ्या सहीखाली माझी सही."

"एसीवालाच एसी काढणार! मग खाणार काय रे?" दादा हसले, पण कबूल झाले.

भावोजींनी एसी उतरवला. मग त्यांच्यातला मेकॅनिक आडवा आला. त्यांच्या लेखी थंड जागा म्हणजे फ्रिज. दारं-खिडक्यांच्या फटीन् फटीत त्यांनी रबर भरलं. बाहेरची झळ थांबली खरी, पण आतली धग रात्रीही बाहेर पडेना. फोडणीचा वास गाद्यांत मुरला, कपाटातले कपडे कुबट झाले.

वहिनी जिन्यावरून ओरडल्या, "भावोजी, आम्ही काय पालेभाजी आहोत? फ्रिजमध्ये कोंबलंय आम्हाला!"

"पेन शोधून ठेवतो," दादा म्हणाले.

भावोजी वर आले आणि कमरेवर हात ठेवून भिंतींकडे बघत राहिले. छताच्या जरा खाली, रंगाआड दोन चौकोन पुसट दिसत होते. जुने झरोके. गरम हवा वर चढते, तिला बाहेर पडायला वाट हवी, म्हणून घर बांधणाऱ्याने ठेवलेले. पहिला एसी बसवला तेव्हा ते विटांनी बुजवले होते. बुजवणारे कोण? भावोजीच!

त्यांनी छिन्नी-हातोडा घेतला. झरोके मोकळे करून त्यांना झडपा बसवल्या. दिवसा बंद, सूर्य कलला की उघड्या. गच्चीवर पांढऱ्या चुन्याचे हात दिले. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून लाकडी पट्ट्यांचा आडोसा केला. ऊन काचेवर पडायच्या आधीच अडवायचं, हे त्यांचं म्हणणं. शेजारी विचारायचे, "घराला गॉगल लावलात का हो?" भावोजी शिडीवरून म्हणायचे, "तुमच्यासाठीही माप घेऊ?"

मग ऐन उन्हाळ्यातली एक दुपार. बिल्डरचा माणूस कागद घेऊन यायचा होता. "वर जाऊन पडतो, घामाने भिजलेला शर्टच दाखवतो तुला," असं भावोजींना बजावून दादा वर गेले. माणूस आला. खाली भावोजींना खुर्चीत बसवेना. दादांना बोलवायला वहिनी वर गेल्या आणि एकट्याच खाली आल्या.

"झोपलेत."

"उठवता का? एक सही तर करायची आहे," बिल्डरचा माणूस म्हणाला.

"ज्या खोलीत बसवत नाही म्हणून घर पाडायचं, त्याच खोलीत घोरतायत. कसली सही? या तुम्ही."

तो गेल्यावर भावोजींनी हळूच विचारलं, "वहिनी, शर्ट?"

"कोरडा ठणठणीत. वर चादर ओढलीय, छातीपर्यंत!"

भावोजी चुन्याची बादली उचलून, भर उन्हात, ताठ मानेने गच्चीवर गेले. एक कोपरा राहिला होता म्हणे.

घर उभं आहे. आजही कुणी एसी बसवायला बोलावलं, की भावोजी आधी त्या घराच्या गच्चीवर जातात. गिऱ्हाईक वैतागतं, धंदा थोडा कमी होतो. पण त्यांनी चुना दिलेल्या गच्च्या आमच्या गच्चीवरून दिसतात, आणि पाहुण्यांना त्या दाखवल्याशिवाय मी चहा देत नाही.

एवढं एकच राहिलं, भावोजी. उतरवलेला तो एसी अजून जिन्याखालीच आहे. त्यावर मी कांद्याची टोपली ठेवते. तुम्ही म्हणालात, "भंगारवाल्याला मी बोलावतो." मी म्हटलं, "राहू द्या, मीच बोलावते." ना तुम्ही बोलावलंत, ना मी.