ब्लासने न वाजवलेली घंटा

स्पेनमधल्या पेन्यासेका गावात प्रत्येक घराला एक टोपणनाव आहे, आणि ते पोस्टमनलाही पाठ असतं. कुणी ‘कोल्हे’, कुणी ‘खारट’. ओरोसियाचं घर ‘मुक्यांचं’. आता ओरोसिया मुकी नाही, हे कुणालाही लगेच कळतं. तिचं पहिलं वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू झालेलं असतं. मुका होता तिचा बाप ब्लास, आणि तोही एकाच दिवसापुरता.

ब्लास चर्चचा घंटावाला. छत्तीस सालच्या उन्हाळ्यात यादवी युद्ध पेटलं आणि प्रजासत्ताकाविरुद्ध उठलेल्या बंडखोर सैन्याचे ट्रक गावाकडे निघाले, तेव्हा तो मनोऱ्यावर होता. रस्त्यावरची धूळ त्याला दिसली, दोर हातात होता, आणि तरी त्याने घंटा वाजवली नाही. शिपायांनी शाळामास्तरला आणि गिरणीवाल्याला घरातून उचललं. ते दोघं परत आले नाहीत. का वाजवली नाहीस, या प्रश्नाला ब्लासने जन्मभर उत्तर दिलं नाही. हुकूमशहा जायच्या आदल्या हिवाळ्यात तो स्वतः गेला, तेव्हा त्याच्यासाठी मृत्यूची घंटाही कुणी वाजवली नाही. मुक्याला मुकंच जाऊ दे, म्हणाले.

पुढे लोकशाही आली, बारमध्ये मोठ्यांदा बोलायची सोय झाली, आणि माकारिओला कंठ फुटला. हा माकारिओ साठीचा, टोपी कायम डोक्याच्या मागच्या बाजूला. त्याला कुणी अडवलेलं नसतं, तरी त्याचं ठरलेलं, “थांबा, थांबा! मला बोलू द्या!”

“बोल बाबा.”

“घंटा झाली असती ना, तर वरच्या माळावर मळणीला गेलेले आपले सगळे सावध झाले असते. माझा बाप, संघटनेचा पुढारी! डोंगरात शिरून बंदुका काढल्या असत्या, पुलावर ट्रक अडवले असते. पूल राहिला की जिल्हा राहिला. जिल्हा राहिला की सारागोसा आपलं. सारागोसा आपलं की नाताळपर्यंत युद्ध खलास, प्रजासत्ताक जिंकलं! आज आपल्या गावाला रेल्वे स्टेशन असतं!”

“स्टेशन कुठून उगवलं मध्येच?” एलोय पत्ते पिसत म्हणायचा. त्याचे भाऊ जिंकलेल्या बाजूने लढले होते. “तुम्ही जिंकला असतात तर पावाची रांग असती. आणि रांगेतसुद्धा तू ओरडला असतास, थांबा, थांबा!”

एके दिवशी हेच चाललं असताना ओरोसिया ऑलिव्ह घ्यायला बारमध्ये आली होती. भांडं हातात, कान तिकडे.

“म्हणजे अख्खं युद्ध माझ्या बापाने हरवलं म्हण की.”

“अख्खं नाही गं,” माकारिओ ओशाळला. “मनावर घेऊ नकोस.”

“मनावरच घेते.”

आणि घेतलंच. पुढच्या आठवड्यात मनोऱ्यावर घंटा वाजवायला विजेचा हातोडा बसणार होता आणि दोर निघणार होता. त्याआधी एकदा बघायचंच, तिने ठरवलं. माळ टेकडीच्या पलीकडे. इथली घंटा तिथवर पोचतच नसेल, तर बाप सुटला. पोचत असेल, तर आपण मुके ते मुकेच. मग मी स्वतः दारावर तशी पाटी लावीन. पण हे ‘असतं तर, नसतं तर’ आता पुरे.

बदामाच्या झोडपणीचा दिवस उजाडला. गावातले झाडून सगळे पुरुष माळावर, माकारिओही काठी घेऊन. ओरोसिया मनोरा चढायला लागली. गुडघे म्हणाले, बाई, उतर. ती म्हणाली, तुम्हाला विचारलंय कुणी? वर जाऊन तिने दोर धरला आणि धोक्याची घंटा दिली, बापाचं पाहून शिकलेली, ठोक्याला ठोका चिकटलेली, श्वास न घेता. हात भरून आले तरी थांबली नाही.

टेकडी रिकामीच. ओरोसियाला हसू फुटायला लागलं. तेवढ्यात टेकडीवर एक टोपी वर आली, मग दुसरी, मग रांगच.

गेली म्हणजे ऐकू. ओरोसियाने दोर सोडला. पाटी रंगवायला कुणाला सांगावं, हेही तिच्या मनात येऊन गेलं.

पण टोप्या थांबेनात. उतारावरून धडपडत, एकमेकांना ढकलत सगळे खाली आले, वाटेत दिसेल ती बादली उचलून भरत, आणि चर्चसमोरच्या चौकात येऊन धापा टाकत उभे राहिले. सगळ्यात पुढे माकारिओ, दोन्ही हातांत बादल्या.

“आग कुठाय?” तो वर बघून ओरडला.

ओरोसिया कठड्यावरून वाकली. “आग नाही! तू डोंगरात का नाही पळालास?”

“डोंगरात? डोकं फिरलंय का तुझं? ही घंटा झाली की असाल तिथून चौकात यायचं असतं! माझा बापही यायचा, आजाही यायचा!”

“आणि त्या दिवशी ट्रक कुठे उभे होते रे?”

 एका बादलीतलं पाणी हिंदकळून फरशीवर सांडलं. ट्रक कुठे उभे होते ते सगळ्यांना माहीत होतं. त्यांचे पाय तिथेच होते.

“तू तेव्हा कुठे होतास, माकारिओ?”

“मळणीला,” तो म्हणाला.  “बापाबरोबर. पंधराचा होतो. संध्याकाळी उतरलो तेव्हा ट्रक गेले होते. आईने सांगितलं आणि बाप त्याच रात्री डोंगरात गेला.”

एलोयने टोपी काढली. “शिपाई तुझ्या बापाचं नाव घेऊनच आले होते,” तो म्हणाला. “आणि तुम्ही चौकात सापडू नये म्हणून घंटा वाजवली नाही, असं ब्लासने तोंड उघडून सांगितलं असतं, तर त्यालाही उचललं असतं. तेव्हा सत्ता आमच्या बाजूची होती. मला विचार.”

“थांबा, थांबा,” माकारिओ म्हणाला. बादल्या खाली ठेवून तो मनोऱ्याच्या दारात शिरला. जिन्यात त्याचा खोकला कितीतरी वेळ ऐकू येत राहिला. वर पोचला तेव्हा चेहरा विटेसारखा लाल.

“ब्लासकाकाची राहिलेली घंटा,” तो म्हणाला. “कशी वाजवतात माणूस गेल्यावर?”

“सावकाश. एक ठोका पुरता विरू द्यायचा, मगच दुसरा.”

त्याने घाईने ओढला.

“असं नाही,” ओरोसियाने दोरावर त्याच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. “स्टेशनवर गाडी सुटत नाहीये तुझी. परत पहिल्यापासून.”

खाली चौकातून कुणीही हललं नाही.