रावसाबांचा खुराक

आमच्या पेठेत, तालमीच्या मागच्या गल्लीत, बायडाक्काच्या दारावरनं जाताना मला भूक नाही असं कधी म्हणायचं नसतं. मी एकदा म्हणालो होतो. तिनं दंडाला धरून मला आत बसवलं आणि सोडलं तेव्हा मला चपला घालायला वाकता येईना. समोरच राहतो मी, तरी घरी पोचायला वेळ लागला.

बायडाक्का म्हणजे बायडाबाई. उभा जन्म तिनं तालमीतल्या पोरांची खानावळ चालवली. कागल, शिरोळकडची काडीसारखी पोरं कुस्ती शिकायला यायची आणि हिच्या हातचं खाऊन दारात मावेनाशी होऊन गावाकडं जायची. पोरानं ताटावर आडवा हात धरला की ही बोटांच्या फटीतनं रस्सा वाढायची. पुढं नवरा गेला, गुडघे गेले, खानावळ बंद पडली. आता घरात मुलगा विश्वजित आणि सून प्रियदर्शनी, दोघंही नोकरीवाले. मुलगा मोबाइलात डोकं घालून जेवतो, ताटात काय वाढलंय ते त्याला ताट धुतल्यावरही सांगता यायचं नाही. सून मोजून दोन फुलके खाते आणि वर काकडी चावते. आग्रह करावा असं एकही तोंड घरात उरलं नव्हतं. बाईचे हात नुसते शिवशिवायचे.

अशात सुनेनं कुत्रं आणलं. पिवळसर लॅब्राडोर, नाव रॉकी. पहिल्याच दिवशी त्यानं पाकिटातल्या खाद्याचा वास घेतला, तोंड फिरवलं आणि भिंतीकडं बघत बसलं. सून काळजीत पडली. बायडाक्काच्या अंगात मात्र वारं भरलं. कोंबड्यांसारखं दाणे काय टाकताय त्याच्या म्होरं, म्हणाली, थाट बघा की जरा, हे रॉकी न्हवं, हे रावसाब हायत. तेव्हापासनं गल्लीत त्याचं नाव रावसाब पडलं आणि बोलणंही आदरानं सुरू झालं. रावसाब उठले, रावसाब फिरायला गेले, रावसाब आज जेवले न्हाईत.

न जेवणाऱ्या जिवाला तिच्याकडं एकच औषध, पैलवानाचा खुराक. पहिल्यांदा भाकरी आणि म्हशीचं दूध, तेही दूधकट्ट्यावर, गवळी म्हशी घेऊन उभे असतात तिथनं, समोर धार काढून घेतलेलं. रावसाबांनी जीभ लावली आणि मागं सरकले. मग दुधात तूप पडलं. मग अंडं आलं, उकडलेलं नको झालं तेव्हा तळलेलं आलं. मग कलेजी. मग अळणी, म्हणजे तिखट घालायच्या आधीचा मटणाचा रस्सा, ज्याच्यावर आम्ही कोल्हापूरकर जीव टाकतो. शेवटी तर बाईनं बदाम वाटून थंडाई केली. मी गिरणीवरनं येत होतो, बघतोय तर ही पाटावर बसलेली, मांडीवर कुत्र्याचं डोस्कं, आणि एकेक घास भरवणं चाललेलं. "ह्यो राजवीर पैलवानाच्या नावाचा, घ्या. ह्यो विजयसिंह पैलवानाच्या नावाचा, त्यानं नव्वद किलोचा गडी आडवा केलाय, आ करा." एवढे पैलवान पोटात गेले, तरी रावसाबांचं तोंड डावीकडनं उजवीकडं आणि उजवीकडनं डावीकडं.

मला तर दोन दिवसांत कळलं होतं. ते बेणं भलतं हुशार होतं. एकदा तोंड फिरवलं की दूध, दोनदा फिरवलं की अंडं, आणि जरा सुस्कारा टाकून पंजावर हनुवटी ठेवली की मटण. असं असताना कोण मूर्ख दाणे चावत बसेल? मी हे बायडाक्काला सांगायला पायजे होतं. पण रावसाबांनी नाकारलेली तळलेली अंडी फुकट जाऊ नयेत म्हणून माझ्याकडं येत होती, आणि एवढ्यातेवढ्यात नाक खुपसायचा माझा स्वभाव नाही.

मग एका बुधवारी, मटणाच्याच दिवशी, रावसाब ओकू लागले. संध्याकाळी तर उठायलाच तयार नाहीत, पोट हाताला लागू देईनात. प्रियदर्शनीनं रिक्षा बोलावली, मी पाय धरले, बायडाक्कानं डोकं धरलं, आणि आम्ही जनावरांच्या डॉक्टर मुबशिरा यांच्या दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी सलाइन लावलं आणि काय खायला देता म्हणून विचारलं. बायडाक्कानं अभिमानानं सगळा खुराक सांगितला. अळणीत कांदा-लसूण किती, हाडकं कशी मऊ शिजवून देतो, काही लपवलं नाही. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

कांदा-लसूण कुत्र्याला विषासारखा, त्या म्हणाल्या. शिजवलेल्या हाडकाच्या काचा होतात, आतड्यात घुसतात. तूप-चरबी पोटाला झेपत नाही. ह्या वेळी थोडक्यात निभावलं, पुन्हा असं झालं तर माझ्याही हातात नसेल. मग त्या बायडाक्काकडं वळल्या. "आक्का, ह्याला भूक न्हाई असं न्हाई. तोंड फिरवलं की चांगलं मिळतंय, हे तुम्हीच शिकवलंय." पोट सावरलं की पुन्हा कुत्र्याचं खाद्यच द्यायचं. ठरल्या वेळी ताटली ठेवायची, एक चहा होईस्तोवर थांबायचं, शिवलं नाही तर मुकाट्यानं उचलायची. आग्रह नाही, गोंजारणं नाही, मधे काही नाही. पाणी मात्र कायम. दिवसभर तोंड लावलं नाही किंवा परत ओकलं तर इकडं आणायचं.

घरी आल्यावर प्रियदर्शनीनं सासूला स्पष्ट सांगितलं. ती गडहिंग्लजची, सासूला आत्ती म्हणते, बोलते हळू पण एकदा बोलली की मागं फिरत नाही. इथनं पुढं एक जरी घास वरचा गेला तरी रॉकीला माहेरी सोडणार, तिथं दादांचं रान आहे, कुणी लाडानं मारणार नाही. त्या शेवटच्या शब्दावर बायडाक्काचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. दुपारभर त्या रिकाम्या घरात तिच्याशी बोलायला ते एक जनावरच होतं.

रावसाब बरे झाले आणि रविवारी सकाळी नियम सुरू झाला. ताटली खाली ठेवली. बायडाक्काला तोंड बंद ठेवणं जमणार नाही म्हणून बाहेर दारातल्या कट्ट्यावर पाठ करून बसवलं, आणि पहाऱ्याला मी. रावसाबांनी दाण्यांचा वास घेतला, तोंड फिरवलं, आणि आता दूध येईल म्हणून स्वयंपाकघराकडं बघत बसले. दूध आलं नाही. त्यांनी सुस्कारा टाकला. कट्ट्यावर बायडाक्कानं त्याहून मोठा टाकला. प्रियदर्शनीनं चहाचा शेवटचा घोट घेतला आणि ताटली उचलली. रावसाबांनी आमच्याकडं अशा नजरेनं बघितलं की मीच ओशाळलो.

दुपारी बायडाक्का पदर सावरत बाहेरच्या सोप्यात आली. सून म्हणाली, "आत्ती, पदरात काय हाय?" पदरात काय असतंय बाईच्या, असं ही म्हणतीय तोवर उकडलेलं अंडं टपकन खाली पडलं आणि घरंगळत निघालं. रावसाब उठले. प्रियदर्शनी त्यांच्याहून चपळ. तिनं अंडं उचललं, नळाखाली धरलं आणि सासूकडं बघत बघत खाऊन टाकलं. डाएट गेलं खड्ड्यात.

संध्याकाळी ताटली ठेवली. रावसाबांनी स्वयंपाकघराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, कट्ट्यावरच्या पाठीकडं बघितलं. मग खाली मान घालून खायला लागले. दाणा शिल्लक ठेवला नाही. चाटून चाटून ताटली भिंतीला नेऊन टेकवली. प्रियदर्शनीनं आनंदानं बाहेर गेलेल्या नवऱ्याला फोन लावला. मी टाळी वाजवली. बायडाक्का आत आली, रिकामी ताटली बघितली, कुत्र्याच्या पाठीवरनं हात फिरवला आणि आतल्या खोलीत गेली.

तिला रात्रीच्या जेवणाला हाक मारली तर ताटावर बसली आणि ताट पुढं सरकवलं. भूक न्हाई म्हणाली. बायडाक्का आणि भूक नाही. मी तिथंच पान वाढून बसलो होतो, माझा घास हातातच राहिला. प्रियदर्शनीनं एकदा जेवा म्हणून बघितलं. मग माझ्याकडं बघून डोळा मिचकावला आणि मुकाट्यानं सासूचं ताट उचलायला गेली. बायडाक्कानं दुसऱ्या बाजूनं ताट घट्ट धरलं.

"ठेव खाली. कुत्र्याचा नियम मला लावतीस व्हय?" तिनं कुत्र्याकडं बोट केलं. "त्येबी आता कुणी घ्या न म्हणता जेवतंय. अख्ख्या तालमीला वाढलं मी, सगळी उठल्यावर उरलंसुरलं खाल्लं. ह्या जन्मात मला कुणी घे की गं म्हणालंय का एकदा तरी?"

विश्वजितनं मोबाइल पालथा ठेवला. प्रियदर्शनी सासूसमोर फतकल मारून बसली. भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला आणि सासूच्या तोंडाशी नेला. "घ्या की हो, आत्ती."

बायडाक्कानं तोंड डावीकडं फिरवलं. सुनेनं हात तिकडं नेला. तिनं तोंड उजवीकडं फिरवलं. डोळ्यांत पाणी होतं, पण नजर मात्र तिरकी होऊन चुलीकडं लागली होती. सुनेनं तुकड्यावर तूप घातलं. तोंड फिरलेलंच. विश्वजित म्हणाला, खा की आई. बाईनं लांब सुस्कारा टाकला आणि हनुवटी गुडघ्यावर ठेवली.

शेवटी सून उठली, तवा तापत ठेवला आणि अंडं फोडलं. तेव्हा कुठं बायडाक्कानं आ केला.