दत्ताच्या चौकटीतला आरसा

सिटी सेंटरमधील त्या महाविद्यालयात मला ज्या तासाला बोलावले जाई, त्याचे नाव वेळापत्रकात 'मूल्ये' असे होते आणि तो नेहमी जेवणाच्या सुटीनंतर असे. संस्कृतच्या अध्यापनातून निवृत्त होऊन मला बरीच वर्षे झाली होती. तेथील उद्योजकता केंद्राचे संचालक माझे जुने विद्यार्थी. त्यांनी घरी येऊन, वाकून नमस्कार करून सांगितले, "गुरुजी, मुलं देवघरांशी संबंधित काम हाती घेत आहेत. तुम्ही नुसतं बसा. चुकलं तर टोका." नुसते बसणे मला जमते. टोकण्याची पाळी मात्र पहिल्याच दिवशी आली.

कामाचा विषय चांगला होता, हे मी आजही म्हणतो. हिंदी मुलखातील आमच्या शहराच्या लश्कर नावाच्या जुन्या भागात, दाल बाजारामागच्या गल्लीत, देवांच्या जुन्या तसबिरी पिंपळाच्या पारावर आणून ठेवतात. काच तडकलेली, कागदाला कसर लागलेली. असा देव घरात ठेवता येत नाही आणि कचऱ्यात टाकवत नाही. म्हणून पहाटे, कोणाच्या दृष्टीस न पडता, लोक ती तसबीर पारावर टेकवतात आणि मागे न बघता परततात. पुढे पावसापाण्यात तिथेच तिचा लगदा होतो. विद्यार्थ्यांच्या एका गटाने ठरवले की चौकटीचे लाकूड, काच आणि कागद वेगळे करून तिन्ही पुन्हा वापरात आणायचे. याला ते चक्रीय अर्थव्यवस्था म्हणत. वस्तू संपत नाही, रूप पालटून परत येते, हे मला नव्याने पटवून देण्याची आवश्यकता नव्हती.

शिकवण्याची रीत मात्र मला उलगडेना. 'डिझाइन थिंकिंग' शिकवणाऱ्या तरुण प्राध्यापकांनी पहिली पायरी सांगितली: ज्याच्यासाठी वस्तू घडवायची, त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहणे. मला ती पायरी फार सुंदर वाटली. मुलांनी ती एका दुपारी उरकली. भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या लागल्या: 'वेळ नाही', 'जागा नाही', 'पार दूर आहे'.

मी विचारले, "यात भीती कुठे आहे?"

गटाची प्रमुख एक मराठी मुलगी होती. ती म्हणाली, "भीती कशाची, गुरुजी?"

"देवाला घराबाहेर काढण्याची."

तिने आज्ञाधारकपणे एका चिठ्ठीवर 'भीती' असे लिहून ती भिंतीला चिकटवली. तास संपेपर्यंत ती गळून खाली पडली होती आणि कोणी उचलली नाही.

मग त्यांनी मोबाइलवर एक ॲप तयार केले. बटन दाबले की मुले दारात येऊन तसबीर घेऊन जाणार. बरेच दिवस झाले तरी कोणी बटन दाबले नाही. गटातील एक हिंदीभाषक मुलगा तंत्रज्ञानाचे सारे पाहत असे. तो निराश होऊन म्हणाला, "गुरुजी, मार्केट ही नहीं है."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितले. पारावर ठेवलेली तसबीर कोणाच्या हातात जात नाही, म्हणून ती ठेवणे सोपे. दारात हेल्मेट घालून उभ्या असलेल्या परक्या मुलाच्या हाती देव देणे म्हणजे देवालाच हाकलणे. देवाला निरोप देण्याची एक रीत आहे. तिला उत्तरपूजा म्हणतात. अक्षता वाहून, त्या देवाचे नाव घेऊन, त्याने आता स्वस्थानी परतावे अशी विनंती करायची. त्यानंतर मागे उरतो तो कागद, मागे उरते ती काच. ते खुशाल उघडावे.

मुलांनी हे ऐकून घेतले आणि विचारले की असे करणारा कोण मिळेल. म्हणून मीच गल्लीत घरोघर जाऊन सांगितले, "तसबिरी मुलांना द्या. प्रत्येकीला मी स्वतः निरोप देईन." माझ्या शब्दावर तसबिरी आल्या.

समोरच्या घरातील वहिनींनी त्यांची दत्ताची तसबीर शेवटी दिली. त्यांच्या यजमानांनी लग्नानंतर आणलेली. वरची पितळी कडी त्यांनी स्वतः ठोकली होती आणि ती वाकडी बसली होती. एका कोपऱ्यात कुंकवाचा डाग लाकडात मुरला होता. वहिनी तसबीर सोडीनात. "भाऊजी, तुम्ही स्वतः कराल ना? त्या पोरांवर सोडू नका."

"स्वतः करीन," मी म्हणालो.

बिर्ला नगरात, जुन्या गिरणीच्या बाजूला, महाविद्यालयाने एक शेड घेतली होती. तिथे मी पाटावर बसे आणि एकेक तसबीर समोर घेई. मुलगा उभ्या उभ्या घड्याळ पाही. "पंडितजी, सबका एक साथ नहीं हो सकता? बैच में?"

"तुमच्या वर्गात हजेरी 'सगळे आहेत' असं म्हणून घेतात का?"

"हमारे यहाँ तो ऐसे ही लेते हैं, गुरुजी."

मुलगी हसली. मलाही हसू आले, पण त्या दिवशी घरी जाताना मी थकलो होतो. एकदा मी गणपतीच्या तसबिरीसमोर बसलो असता त्या मुलाने फोन माझ्या तोंडाजवळ धरला. ही मुले जेवणाच्या ताटाचेही चित्रण करतात, म्हणून मी काही विचारले नाही.

पुढे धुक्याचे दिवस आले आणि मला खोकला धरला. डॉक्टरांनी बाहेर पडू नका म्हणून सांगितले. मुलीचा फोन आला, "तुम्ही आराम करा, गुरुजी. इकडचं आम्ही मॅनेज करून घेऊ." मी समजलो, मी येईपर्यंत ती मुले थांबतील.

मी बरा झालो तेव्हा महाविद्यालयात प्रदर्शन होते. वहिनींनाही यायचे होते. मी त्यांना सोबत नेले. मुलांच्या टेबलावर ओळीने आरसे मांडले होते. जुन्या चौकटी घासूनपुसून त्यांत आरसे बसवलेले, शेजारी जुन्या कागदाच्या लगद्याच्या पिशव्या. काम देखणे होते, हे नाकारता येणार नाही. वहिनी एका आरशापुढे थांबल्या आणि त्यांनी वरच्या कडीला बोट लावले. कडी वाकडी होती.

"भाऊजी, ही आमची."

मुलगी उत्साहाने पुढे आली. "काकू, मागे क्यूआर आहे. स्कॅन केलं की फ्रेमची पूर्ण स्टोरी येते. विदाईसुद्धा." तिने फोन धरला आणि त्यातून माझाच आवाज येऊ लागला. वहिनींनी हात जोडले. आवाज संपेपर्यंत ते जोडलेलेच होते. मग म्हणाल्या, "हा तर गणपतीला निरोप आहे. आमचा दत्त होता."

मी मुलीला विचारले, "मी नव्हतो तेव्हा हेच लावलंत?"

"हो, गुरुजी. स्पीकरवर. तुमचाच आवाज आहे ना. प्रत्येक फ्रेमसमोर पूर्ण वाजवलं, एक बार भी स्किप नहीं किया."

"अक्षत भी डाले थे," मुलगा म्हणाला.

त्यांच्या चेहऱ्यावर कपट नव्हते. कपट असते तर मी रागावून मोकळा झालो असतो. इतके महिने मी जे सांगत होतो, त्यातील अक्षता त्यांना कळल्या, आवाज कळला, वेळ कळला. ज्याला निरोप द्यायचा तो कोण, एवढेच राहून गेले होते.

वहिनींनी आरसा उचलून पदराखाली घेतला. "म्हणजे तो गेलाच नाही."

"आंटी, डिस्प्ले पीस है," मुलगा कळवळून म्हणाला. "जज आने वाले हैं."

"तुझा जज यायचाय. माझा देव इथंच अडकलाय." त्या माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, आत्ता करा."

कँटीनमधून मूठभर तांदूळ आले, पाण्याची बाटली आली. प्रदर्शनासाठी मांडलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या बाजूला सारून मी आरसा टेबलावर उभा केला, तो त्यात माझेच तोंड दिसू लागले. आजवर निरोप देताना माझ्यासमोर देवाचे मुख असे. मी तो आडवा ठेवला. मग त्यात छताचे दिवे दिसू लागले. तेवढ्यावर भागवून मी दत्तात्रेयांचे नाव घेतले आणि पुढचे सारे, काही न गाळता, सावकाश म्हटले. मध्येच खोकला आला, तेव्हा थांबलो. परीक्षक आले, उभे राहिले आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

वहिनींनी आरसा स्वतः उचलून मुलीच्या हाती दिला. "घे. आता नुसता आरसा आहे. विक."

मुलगी आरसा धरून उभी राहिली. मग तिने टेबलावरच्या उरलेल्या आरशांकडे पाहिले. "गुरुजी, तुम्ही नसताना उघडलेले हे बाकीचे?"

"कोणात कोणता देव होता, ते नोंदवलंय ना?"

तिने मुलाकडे पाहिले. तसबिरी घेताना मुलांनी ॲपमध्येच नोंद केली होती. त्यात घर विचारले होते, लांबी विचारली होती, रुंदी विचारली होती, लाकूड कोणते ते विचारले होते. देव विचारला नव्हता. चित्रांचा लगदा होऊन त्यांच्या पिशव्या झाल्या होत्या.

"मग गल्लीत जाऊन विचारावं लागेल," मी म्हणालो. "एकेका दारी."

"ऐसे तो स्केल नहीं होगा, गुरुजी," मुलगा म्हणाला. काम झपाट्याने वाढण्याला ते स्केल म्हणत.

"नाही होणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी एका गोणपाटात आरसे गुंडाळून माझ्या दारी आली. मुलगा आला नाही. पहिल्या घरासमोर तिने हेल्मेट काढून हातात घेतले आणि कडी वाजवली. घरमालकांनी दार उघडले, तिच्या काखेतील चौकट ओळखली आणि ते एक पाऊल मागे सरले.

"काय झालं? देव परत आणला काय?"

मुलीने माझ्याकडे पाहिले. हे उत्तर तिचे होते.

"काका," ती अडखळत म्हणाली, "यात कोण होते, ते आम्ही तुम्हाला विचारलंच नव्हतं."